काशीत जाऊन दिवे लावले!

काशीहून परत आलं की लोक दोन प्रश्न विचारतात. गंगाजल आणलंत का, आणि विश्वनाथाच्या दर्शनाला किती वेळ लागला. या खेपेला माझ्याकडे दोन्हींचं धड उत्तर नव्हतं. गंगाजलाची लोटी मावशीकडेच राहिली आणि दर्शनाच्या रांगेत उभं राहायला सवड मिळाली नाही. मग आठ दिवस काशीत केलंस काय, असं घरात विचारलं गेलं. मी खरं ते सांगितलं, "दिवे लावले." घरातल्यांनी त्याचा सवयीचा अर्थ घेतला. पण मी खरोखरच दिवे लावून आलो होतो, तेही मोटारसायकलला.

माझी मावशी ब्रह्माघाटावर राहते. काशीतली ही जुनी मराठी वस्ती. तिच्या सासरची मंडळी पिढ्यान् पिढ्या तिथलीच. घरात मराठी बोलतात, पण 'दिवा गेला' म्हणत नाहीत, 'बत्ती गेली' म्हणतात. जवळच पंचगंगा घाट आहे. तिथलं बिंदुमाधवाचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेलं, आणि घाटावरच्या दगडी दीपस्तंभाचं नातं अहिल्याबाई होळकरांशी सांगतात. लहानपणी सुट्टीत इथे यायचो तेव्हा संध्याकाळी हमखास वीज जायची. गल्लीत डोक्यावर तारांचं जाळं असायचं आणि माकडं त्यावर झोके घ्यायची. २०१५ नंतरच्या कामात जुन्या शहरातल्या बऱ्याच तारा जमिनीखाली गेल्या. आता गल्लीतून वर पाहिलं की चक्क आकाशाची पट्टी दिसते.

मी गेलो तो कार्तिक महिना. या महिन्यात पंचगंगा घाटावर उंच बांबू रोवतात. बांबूच्या टोकाला दोरीने वेताची टोपली चढवायची आणि टोपलीत पणती ठेवायची. हे आकाशदीप. पितरांना वाट दिसावी म्हणून ते लावतात. एकेका पणतीचा उजेड तो केवढा! पायरीवरचं पाऊल दिसणार नाही इतका. पण नावेतून पाहिलं की अंधारात टांगलेल्या त्या टोपल्या लांबूनही ओळखू येतात. मला हे दृश्य नुसतं सुंदर वाटलं होतं. त्यातला हिशेब दोन दिवसांनी एका मिस्त्रीने समजावला.

मावशीचा मुलगा, म्हणजे माझा धाकटा मावसभाऊ, नौगढच्या बाजूच्या खेड्यांत पाण्याच्या कामांवर देखरेख करतो. आठवड्यातून तीनदा बनारसहून जाऊन येऊन असतो. त्याच्याकडे मातीत चालवायची उंच मोटारसायकल आहे. खोल नक्षीचे टायर, लांब शॉकअप, वजनाला हलकी. दगडधोंडे, नाले, चिखल, कशालाही न भिणारी. पण अशा गाड्यांची एक गोम असते. त्या दिवसाउजेडी उधळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्यामुळे वीज तयार करणारी कॉइल बेताची आणि बॅटरीही चिमुकली. हेडलाइट असतो तो देवापुढच्या समईसारखा.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत हा परतत होता. चंदौली जिल्हा म्हणजे उत्तर प्रदेशाचं भाताचं कोठार. त्या दिवसांत रस्त्यावर पेंढ्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. पेंढा दोन्ही बाजूंना इतका लोंबतो की मागचा लाल दिवा, असलाच तर, झाकून जातो. अशीच एक ट्रॉली वळणावर उभी होती. याला ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. गळपट्टीचं हाड मोडलं. पेंढा होता म्हणून तेवढ्यावर निभावलं.

तेव्हापासून मावशीने धोशा लावला होता, "बत्ती नीट होईपर्यंत अंधारात गाडी काढायची नाही." पण कामं काही पाच वाजता संपत नाहीत. शेवटी चिरंजीवांनी बाजारातून पंचावन्न वॅटचे दोन गलेलठ्ठ हॅलोजन दिवे आणले आणि आपल्या हातांनी बॅटरीला जोडले. पहिल्याच रात्री चकियाच्या अलीकडे रस्ता दिवसासारखा उजळला, आणि दहा-बारा मिनिटांत दिवेही गेले आणि इंजिनही. कारण ठिणगीसाठी लागणारी वीजसुद्धा त्याच बॅटरीतून येत होती. दोन मैल गाडी ढकलावी लागली. हे त्याने आईला सांगितलेलं नव्हतं. मी पोहोचलो त्या रात्री गच्चीवर मला सांगितलं आणि म्हणाला, "दादा, तू आहेस तोवर हे काम उरकू या. तू बरोबर असलास की आई फार विचारत नाही."

गाडी ब्रह्माघाटाच्या गल्लीत येत नाही. ती मैदागिनला एका ओळखीच्या दुकानापाशी उभी असते. तिथून आम्ही लहुराबीरच्या पुढे एका बोळातल्या मिस्त्रीकडे गेलो. साठी उलटलेले गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणालो. दुकान म्हणजे सहा फूट रुंद खण. निम्म्या जागेत पंख्यांच्या जळक्या कॉइली टांगलेल्या, उरलेल्यात गाड्यांची वायरिंग. भावाने सगळी कथा सांगितली. चाचांनी ती ऐकली, पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि विचारलं, "रोशनी तो लग जाएगी भइया, पहले ये बताइए, कमाई कितनी है?"

आम्हाला वाटलं, पैशांचं विचारताहेत. ते गाडीच्या कमाईबद्दल बोलत होते.

मग त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने जो हिशेब मांडला, तो कुठल्याही गृहिणीला लगेच कळावा असा होता. इंजिन चांगल्या वेगात फिरत असताना या गाडीची कॉइल देते साधारण शंभर वॅट. हा पगार. पण गाडी सावकाश चालली, की त्यातला निम्माही हाती येत नाही. आता खर्च. हेडलाइट पस्तीस वॅट. टेललाइट पाच. ब्रेक दाबला की एकवीस. इंडिकेटरचे दोन बल्ब दहा-दहाचे. ठिणगीचं खातं वेगळं, हॉर्नचं वेगळं, आणि बॅटरी भरत राहायची ती वेगळी. महिनाअखेरीस हातात उरतात जेमतेम वीस-पंचवीस. आणि आमच्या साहेबांनी त्यावर हप्ता बांधला होता एकशे दहा वॅटचा!

"मग दहा-बारा मिनिटं तरी कसे चालले?" मी विचारलं. चाचांनी बॅटरीकडे बोट दाखवलं. ती शिलकीची पेटी. तीन अँपिअर-तासांची. एकशे दहा वॅट म्हणजे बारा व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर. कागदावर वीस मिनिटं, आणि बॅटरी जुनी असली की त्याच्याही निम्मी. पेटी रिकामी झाली, घर बसलं.

मोठी बॅटरी टाकली तर? हा प्रश्न मला सुचला तसा कोणालाही सुचेल. चाचा हसले. पगार तोच असेल तर पेटी मोठी आणून काय होणार, ती भरणार कोण?

मग काम सुरू झालं, तेही दिवे लावण्यापासून नव्हे. आधी खर्चाला कात्री. टेललाइट, ब्रेक आणि इंडिकेटरचे जुने बल्ब काढून एलईडी बसवले. एकवीस वॅटच्या जागी दोन-तीन वॅट. इंडिकेटरला एलईडी लावले की जुना फ्लॅशर गोंधळतो आणि दिवे भराभर लुकलुकतात, म्हणून तोही बदलला. ही झाली शिल्लक. गंमत म्हणजे पुढे उजेड पाहिजे म्हणून आम्ही गेलो होतो आणि पहिला तासभर चाचा गाडीच्या मागेच बसले होते.

त्यानंतर पगारवाढ. इथे त्यांची पंख्याच्या कॉइली गुंडाळण्यातली विद्या कामी आली. अशा साध्या गाड्यांत कॉइलचं एक टोक गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेलं असतं. कॉइलमधून वीज येते ती मागे-पुढे हेलकावणारी. अशा जोडणीत बॅटरीच्या वाट्याला त्यातला एकाच दिशेचा हेलकावा येतो. दुसरा तिला मिळतच नाही. चाचांनी इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडलं, ते टोक सांगाड्यापासून सोडवलं, त्याला स्वतंत्र वायर सोल्डर करून बाहेर काढली आणि दोन्ही टोकं नव्या रेग्युलेटर-रेक्टिफायरला जोडली. आता दोन्ही हेलकावे कामाला लागले. हेडलाइटही थेट कॉइलवरून काढून बॅटरीवर घेतला. पूर्वी इंजिन मंदावलं की तो मिणमिणायचा, ते थांबलं. हे काम मात्र घरी करून पाहण्यातलं नाही. झाकणाच्या आत तेल असतं, चुंबक फिरत असतं, आणि वायर जरा कुठे घासली की सगळंच संपतं. चाचांनी त्या एका वायरवर दोन आवरणं चढवली आणि ती तीन ठिकाणी बांधली.

शेवटी दिवे. काउंटरवर पाच-सहा प्रकारचे एलईडी होते. एका खोक्यावर वॅटचा आकडा एवढा मोठा छापला होता की भावाचे डोळे चमकले. चाचांनी मीटर लावून दाखवला. दिवा घेत होता ०.८ अँपिअर, म्हणजे दहाच वॅट. "डिब्बा झूठ बोलता है, मीटर नहीं." पण दहा वॅट म्हणून तो वाईट नव्हता. पंचावन्न वॅटचा हॅलोजन जेवढा उजेड देतो, जवळपास तेवढा चांगल्या एलईडीला दहा वॅटमध्ये देता येतो. हॅलोजनची बरीचशी वीज उष्णतेतच जाते. असे दोन घेतले. मिळून वीस वॅट, दोन अँपिअरच्याही आत. एवढ्याशा भाराला रिले लागत नाही. मात्र बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच, यावर चाचा अडून बसले. दिव्यांना वेगवेगळे खटके आणि हँडलवर आगपेटीएवढा व्होल्टमीटर.

भावाला दोन्ही दिवे लांब फेकणारे हवे होते. चाचांनी एकच तसा दिला. दुसरा पसरट उजेडाचा, खाली आणि किंचित डावीकडे वळवलेला. लांबचा दिवा कशाला ते सगळ्यांना कळतं, म्हणाले, पण माणूस पडतो तो चार हातांवरच्या खड्ड्यात. आणि मागचा दिवा? त्याने रस्ता दिसत नाही, पण आपण दुसऱ्याला दिसतो. त्यासाठी दोन वॅट पुष्कळ. मला एकदम पंचगंगेवरच्या टोपल्या आठवल्या. दिसण्यासाठी आणि दाखवण्यासाठी लागणारा उजेड वेगवेगळा असतो, हे मी घाटावर उभा राहून पाहत होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सगळं मिळून खर्च साडेतीन हजारांच्या आत. बरोबर आणलेले ते हॅलोजन चाचांनी विकत घ्यायला साफ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. राजघाटाच्या मालवीय पुलावर वरून गाड्या, खालून आगगाड्या. १८८७ मधला हा पूल अजून तसाच गजबजलेला. पलीकडे मुगलसराय. २०१८ मध्ये स्टेशनचं नाव पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झालं, पण गावात पत्ता विचाराल तर अजून मुगलसरायच ऐकू येतं. तिथून चकियाचा रस्ता धरला की दोन्हीकडे भात. कापलेलं, कापायचं राहिलेलं, बांधावर रचलेलं. चकियाजवळ कर्मनाशा नदीवर लतीफशाहचा बंधारा आहे, १९२१ मधला. कर्मनाशेचं पाणी अंगाला लागलं की सगळं पुण्य धुऊन जातं अशी जुनी समजूत. काशीत मिळवायचं आणि पन्नास किलोमीटरांच्या आतच घालवायचं, अशी सोय देवाने करून ठेवली आहे! माझ्या गाठीला काही नव्हतं, म्हणून मी बिनधास्त पाय बुडवले.

चकिया सोडलं की सपाटी संपते आणि विंध्याचे डोंगर सुरू होतात. चंद्रप्रभा अभयारण्य म्हणजे एकेकाळचं काशीनरेशांचं शिकारीचं रान. १९५७ मध्ये इथे गीरचे तीन सिंह आणून सोडले होते. त्यांची संख्या अकरावर गेली, आणि मग ते सगळेच नाहीसे झाले. राजदरी आणि देवदरी हे धबधबे बनारसहून सत्तरेक किलोमीटरवर आहेत. कार्तिकात पाणी उतरलेलं असलं तरी पाहण्यासारखं असतं. एक दिवस मोकळा असेल तर घाटांची गर्दी सोडून जरूर या, आणि डबा बरोबर आणा. पुढे नौगढ. १९९४ मध्ये दूरदर्शनवर लागलेली 'चंद्रकांता' मालिका ज्यांना आठवते त्यांनी हे नाव शंभर वेळा ऐकलेलं असेल. देवकीनंदन खत्रींची मूळ कादंबरी १८८८ मधली. खत्रींनी चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेके घेतले होते. ही रानं, या पडक्या गढ्या त्यांनी हिंडून पाहिलेल्या. रस्त्यालगतची एखादी कपार पाहिली की वाटतं, इथून एखादा ऐयार वेश बदलून बाहेर यायचा.

भावाची कामं आटोपेपर्यंत साडेपाच झाले. कार्तिकात तिकडे त्या सुमाराला सूर्य मावळलेलाच असतो. डांबरी रस्त्याला लागायच्या आधी आठ-नऊ किलोमीटरांची कच्ची वाट होती. सहा वाजता अंधार असा पडला की मागे बसलेल्या मला भावाच्या खांद्यापलीकडे काही दिसेना.

त्याने दोन्ही दिवे लावले. एवढ्याशा डब्यांतून असा उजेड येईल असं वाटलं नव्हतं. लांबच्या दिव्यात पळसाची खोडं पार वळणापर्यंत दिसत होती. एकदा दोन हिरवट ठिपके चमकले, थबकले आणि रस्ता ओलांडून गेले. नीलगाय होती. पण थोड्याच वेळात दगडांची उतरण आली. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, रेस कमी, पाय सारखा ब्रेकवर. मी वाकून व्होल्टमीटर पाहिला. निघताना १४.१ दाखवणारा आकडा १२.९ झाला, मग १२.५, मग १२.३.

"खातंय रे," मी म्हणालो.

"बघतोय दादा." त्याने लांबचा दिवा बंद केला. चाचांनी हेच बजावलं होतं. इंजिन चालू असताना काटा साडेबाराच्या खाली आला की समजायचं, पेटीतून खर्च चाललाय. हळू चालताना लांबचं पाहायची गरज नसते. खालचा दिवा एकटाच राहिला. त्या पसरट उजेडात डाव्या हाताची पावसाने खाल्लेली कड, चाकोरीतले दगड, सगळं आपापल्या सावलीसकट दिसत होतं. आकडा सावकाश वर सरकला. मी मात्र ती उतरण संपेपर्यंत रस्त्यापेक्षा त्या लाल आकड्यांकडेच जास्त पाहिलं, हे कबूल करतो.

चकियाच्या अलीकडे डांबरी रस्त्यावर गाडीने वेग घेतला आणि लांबचा दिवा पुन्हा लागला. एका वळणानंतर त्या उजेडात समोर काहीतरी भुरकट, रस्त्याच्या अर्ध्या रुंदीएवढं दिसलं. पेंढ्याची ट्रॉली. चाक पंक्चर झालेलं, मागे दिवा नाही, दगडांची खूण नाही, माणूस नाही. आमच्यात आणि तिच्यात अजून पन्नास-साठ पावलं होती. भावाने वेग कमी केला, गाडी उजवीकडे घेतली आणि पुढे जाऊन उभी केली. हेल्मेट काढलं नाही. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग उतरला, मागे चालत गेला आणि ट्रॉलीच्या मागे रस्त्यावर ओळीने दगड आणि झाडाची एक फांदी मांडून आला. "हीच जागा नव्हती," एवढंच म्हणाला. "ती पुढे आहे."

मुगलसरायच्या वाहतुकीत शिरण्याआधी त्याने दोन्ही जादा दिवे बंद केले. एक सांगायला हवं. असे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत मारले की तो आंधळा होतो आणि अपघात आपल्याऐवजी त्याचा होतो. नियमांनाही डोळे दिपवणारे दिवे चालत नाहीत, आणि पोलिसांनी पावती फाडली तर तक्रार करायला तोंड राहत नाही. गावात, हमरस्त्यावर, समोरून वाहन येताना ते बंदच हवेत. बसवण्यापूर्वी आपल्याकडच्या आरटीओत काय चालतं ते विचारून घ्यावं.

घरी पोहोचायला साडेनऊ झाले. मावशी घाटाकडच्या खिडकीत बसून होती. पानं वाढता वाढता म्हणाली, "आज दोघांचे चेहरे बरे दिसताहेत. मागच्या महिन्यात हा चिखलाचे हात घेऊन बारा वाजता आला होता. गाडी ढकलत आणली असणार. मी विचारलं नाही." भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी वरणात लक्ष घातलं.

सकाळी गाडी पाहिली तर लांबच्या दिव्याचा नट दगडांवरच्या हादऱ्यांनी सैल झालेला. दिवा आकाशाकडे तोंड करून होता. चाचांकडे नेली तेव्हा त्यांनी स्प्रिंग वॉशर घातला, गाडी समोरच्या भिंतीपासून आठ-दहा पावलांवर उभी केली आणि उजेडाचा गोल दिव्याच्या उंचीपेक्षा चार बोटं खाली येईपर्यंत नट आवळला नाही. त्याचे पैसे घेतले नाहीत, चहा मात्र आम्हाला पाजावा लागला.

पौषात भावाचा फोन आला. तिकडे कोहरा, म्हणजे दाट धुकं पडू लागलं होतं. लांबचा दिवा लावला की समोर पांढरा पडदा उभा राहतो, खालचा पसरट तेवढा कामाचा, असं सांगत होता. मागून मावशीचा आवाज आला, "त्याला सांग, धुकं आहे तोवर तू पहाटेच जातोस आणि चारला निघतोस." भाऊ म्हणाला, "ऐकलंस ना दादा?" मी म्हणालो, "ऐकलं. निघतोस का?" तो हसला आणि त्याने फोन मावशीकडे दिला.